क्यूची पाटी

शनिवारी सकाळी लॉरी टिपर्स बँक नावाच्या आमच्या गल्लीत शिरली आणि एकूणएक दार उघडलं. आमच्या या काळ्या मुलखात, कोळसा आणि लोखंडावर वाढलेल्या गावात, पडद्याआडून चोरून बघायची पद्धत नाही. लोक दारात येतात, हाताची घडी घालतात आणि सरळ बघतात. लॉरीवाल्यांनी एक भलामोठा, पांढरा, गुळगुळीत प्रकार उचलून सेल्विन रेबोल्डच्या दारापुढे ठेवला. त्याला चाकं नव्हती, दिवे नव्हते, आणि जिथे काही असायला हवं तिथे नुसती भोकं होती.

"बोट घेतलीस काय रे?" समोरच्या ईनिडने विचारलं. "कालवा आटलाय, आधीच सांगून ठेवते."

"गाडी आहे," सेल्विन म्हणाला.

"मग चाकं?"

"येतील."

"इंजिन?"

"येईल."

"अक्कल?" हा प्रश्न मागून आला. दारात त्याची बायको बेरिल उभी होती. सगळी गल्ली हसली. सेल्विन हसला नाही. त्याने त्या पांढऱ्या पाठीवरून तळहात फिरवला, घोडा विकत घेणारा फिरवतो तसा, आणि म्हणाला, "तीही येईल. तू चहा टाक."

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं बेरिलला वाटलं तर त्यात तिची चूक नव्हती. सेल्विन ज्या भट्टीत जहाजांच्या नांगरांच्या साखळ्या घडवायचा ती बंद पडून वर्ष झालं होतं. त्याच्या वयाची माणसं पबात बसायची, नाहीतर कबुतरं पाळायची. याने भट्टीकडून सुटताना जे पैसे हाती आले ते या पांढऱ्या कवचात घातले होते. साठच्या दशकातली ती शर्यतीची गाडी, दोन सीटची, बिनछपराची, पुढून छाती काढल्यासारखी फुगलेली, आठवत असेल तुम्हाला. खऱ्या गाड्या थोड्याच बनल्या आणि आता त्या सरदार-उमराव आणि दंतवैद्यांकडेच उरल्यात. बाकीच्यांसाठी तिच्या प्रतिकृतीचा सांगाडा आणि अंग विकणारे कारखाने आहेत. उरलेलं सगळं भंगारातून आणा आणि घरी जोडा.

पण सेल्विनच्या डोक्यात ही गाडी आजची नव्हती. विशी नुकती ओलांडली होती तेव्हा एकदा हाय स्ट्रीटवर बसच्या थांब्यापाशी तो आई ऑलिव्हबरोबर उभा होता. खिळे-बोल्टच्या कारखान्यातून दोघं घरी निघाले होते. अशी एक गाडी भर रस्त्यातून गुरगुरत गेली. दुकानांच्या काचा थरथरल्या, चॅपलच्या पायरीवरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. ऑलिव्ह मात्र वळून बघत राहिली. "बघ कशी जातेय," ती म्हणाली, "कुणाची परवानगी न घेता. एकदा बसायला पाहिजे अशीत." आयुष्यात तिने मोठ्याने मागितलेली ही एकच गोष्ट. सेल्विन ती विसरला नाही.

ऑलिव्ह कोण, हे सांगायला हवं. लढाईच्या काळात, चव्वेचाळीस साली, तिला सेल्विन झाला तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. बाप कोण, हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी म्हणायचं अमेरिकन शिपाई, कुणी म्हणायचं इटालियन युद्धकैदी, कुणी आवाज खाली आणून कारखान्याच्या मालकाच्या धाकट्याचं नाव घ्यायचं. तशा पोरी गुपचूप दुसऱ्या गावी जायच्या, मूल देऊन टाकायच्या आणि परत येऊन मान खाली घालायच्या. ऑलिव्ह गेली नाही. ती रोज संध्याकाळी बाबागाडी ढकलत हाय स्ट्रीटवरून, चॅपलसमोरून जायची. बायका पाठ फिरवायच्या. त्या पाठी कोणाकोणाच्या होत्या हे आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना अजून ठाऊक आहे, आणि त्यांतल्या काही पाठी पुढे फार धार्मिक झाल्या.

सेल्विनच्या लग्नाच्या दिवशीची गोष्ट तर गावाने इतकी वेळा सांगितली की आता तिला पॉलिश चढलंय. आमच्याकडे लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा लिहावा लागतो. बेरिलचे वडील जोसेफ चॅपलमधले मानकरी. त्यांनी तोड आधीच काढून ठेवली होती. "लिही 'जॉर्ज रेबोल्ड, साखळी कारागीर, मयत'. मेलेला माणूस तक्रार करत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." सेल्विनने पेन हातात घेतलंही होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून ऑलिव्ह उठून आली. डोक्यावर हॅट, हातात पर्स.

"तिथे रेघ मारा," ती नोंद करणाऱ्याला म्हणाली.

"बाईसाहेब, पोराच्या भल्यासाठी..." जोसेफ पुटपुटले.

"जे नाही ते नाही. माझ्या पोराला उसना बाप नको. मारा रेघ."

रेघ मारली गेली. बेरिलच्या दाखल्यावर ती अजून आहे, सरळ आणि काळीभोर. जोसेफ जेवण अर्धं टाकून उठले. बेरिल मात्र त्या रात्री नवऱ्याला म्हणाली होती, "तुझ्या आईपुढे माझा बाप गार झाला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं." तिला त्याची मजाही वाटली होती आणि लाजही. लाज पुढे बरीच वर्षं टिकली.

तर गाडी. दोन हिवाळे सेल्विन गॅरेजात होता. जिथे म्हणून चांगली वस्तू मिळाली तिथून त्याने ती आणली. इंजिन एका रोव्हरचं, मागचा धुरा एका जॅग्वारचा, गिअरबॉक्स एका फोर्डचा, आणि स्टिअरिंग ज्या गाडीचं होतं तिचं नाव भंगारवाल्यालाही आठवेना. प्रत्येक तुकडा त्याने उघडला, धुतला, पुन्हा बसवला. लोखंड तापवून वाकवायचं असलं की तो जुन्या सवयीने शीळ घालायचा आणि बेरिलला स्वयंपाकघरात कळायचं की आज काम जमतंय. शीळ थांबली की ती वाटाणे आणि बेकनचा वाडगा घेऊन जायची, दारात ठेवायची आणि न बोलता परत यायची.

पबात लोक गाडीला नकली म्हणायचे.

"नकली कशी?" सेल्विन विचारायचा. "लोखंड खरं, पेट्रोल खरं, माझी कंबर मोडली तीही खरीच. नक्कल नेमकी कशाची केली मी?"

"बारा गावचं पाणी प्यालेली आहे ती," कबुतरवाला हॉरेस म्हणायचा.

"मग तिला तहान लागणार नाही. तू तुझी बिअर संपव."

घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी असते. पहिल्या खेपेला सेल्विन नापास झाला. डॅशबोर्डवरची बटणं बाहेर आलेली होती, ठोकर लागली तर कपाळात घुसतील, असं तपासनीस म्हणाला. ते एक वेळ ठीक होतं. दुसरं कारण जास्त लागलं. वळण घेऊन हात सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं. या गाडीचं होत नव्हतं. वळलं की वळलेलंच राहायचं.

"मालकावर गेलीय," बेरिल म्हणाली. "एकदा वळली की देवाच्या बापालाही सरळ होत नाही."

सेल्विनने महिनाभर पुढच्या चाकांच्या कोनाशी झटापट केली. दुसऱ्या खेपेला पास झाला. त्या दिवशी तो थेट टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गेला. ऑलिव्ह आता ऐंशीला टेकली होती. डोळे जवळपास गेले होते आणि हृदयाचं डॉक्टरांनी सांगितलं होतं की उन्हाळा बघतील, पुढचं विचारू नका. सेल्विनने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आई, पास झालो. नंबराची पाटी मिळाली की तुला हाय स्ट्रीटवरून फिरवतो."

"ती गुरगुरणारी?"

"तीच."

"मग लवकर आण," ऑलिव्ह म्हणाली. "इथे सगळे कुजबुजतात. आवाज ऐकून वर्षं झाली."

आणि नेमका नंबरच अडला. कचेरीतल्या मुलीने नम्रपणे विचारलं, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, धुरा कुठला. सेल्विनने छाती पुढे काढून सगळं सांगितलं. मुलगी लिहीत गेली आणि तिचा चेहरा पडत गेला. एकाच जुन्या गाडीचे भाग घेतले असते तर त्या गाडीच्या जन्मसालाचा नंबर मिळाला असता. सगळं कोरं घेतलं असतं तर नवा मिळाला असता. चांगलं ते चार ठिकाणाहून वेचून आणणाऱ्याला मात्र यातलं काहीच नाही. "मिस्टर रेबोल्ड, तुमच्या गाडीला क्यू लागेल," ती म्हणाली.

आमच्याकडे गाडीच्या पाटीवर पहिलंच अक्षर क्यू असलं की रस्त्यावरच्या पोरालाही कळतं. या गाडीचं मूळ ठाऊक नाही. कधी जन्मली, कुणाच्या पोटी, सरकारला माहीत नाही. आणि क्यू एकदा लागला की तो काढता येत नाही. गाडी भंगारात जाईपर्यंत तो तिच्या पाठीवर राहतो.

बेरिलने ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "हे नाही. त्या दाखल्यावरची रेघ मी कपाटात बंद करून जगले. आता तीच गाडीच्या पाठीवर लावून मिरवायची? आणि मागे तुझ्या आईला बसवायचं?"

"मागे सीटच नाही. शेजारी बसेल."

"थट्टा करू नकोस, सेल्विन. लोकांना अजून आठवतं. त्यांना आपण होऊन वाचायला द्यायचं? हात दाखवून अवलक्षण."

सेल्विनला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आईला ते अक्षर समजलं तर तिला काय वाटेल. आयुष्यभर पाठी फिरवणाऱ्यांसमोरून ती ताठ मानेने गेली, ते एकदा तरी संपावं म्हणून तर ही गाडी होती. आणि आता गाडीनेच तेच तोंडावर म्हणायचं? त्या आठवड्यात गॅरेजात शीळ ऐकू आली नाही.

रविवारी दुपारच्या जेवणाला बेरिलचा भाऊ ट्रेव्हर आला. ट्रेव्हर जुन्या गाड्या विकतो. हसरा माणूस, खिशात कायम दुसऱ्याच्या किल्ल्या. पुडिंग संपल्यावर त्याने टेबलावर एक जुनी नोंदपुस्तिका ठेवली.

"सदुसष्ट सालची गाडी. माझ्या आवारात गंजून खलास झाली, पण कागद जिवंत आहे. सगळे भाग हिचेच होते असं सांगायचं. सदुसष्टचा नंबर मिळेल, गाडीचा भाव दुप्पट, आणि तुमचं तोंड उजळ."

"पण भाग हिचे नाहीत," सेल्विन म्हणाला.

"भाग कुणाचे ते कोण विचारतं? सगळे करतात रे. झाकली मूठ..."

"तुझा बापही हेच म्हणाला होता."

"मग शहाणा होता तो!" ट्रेव्हर बहिणीकडे वळला. "बेरिल, तू सांग याला. सदुसष्ट साल, योगायोग बघ, तुमच्या लग्नाचंच साल. तेव्हा हुकलं ते आता करून घ्या. याच्या रक्तात बाप नाही तर नसू दे, पाटीवर तरी एक असू दे."

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही. सेल्विनने खुर्ची मागे सारली, पण बेरिल त्याच्याआधी उठली होती. तिने पुस्तिका उचलली, भावाच्या कोटाच्या खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला.

"चहा संपव," ती म्हणाली, "आणि नीघ."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी बाबाही करायला निघाले होते. तेव्हा मी वीस वर्षांची होते, गप्प बसले. ती बाई उठली म्हणून माझ्या लग्नाच्या कागदावर एक तरी खरी गोष्ट राहिली." तिचा आवाज चढला होता आणि तिने तो चढू दिला. "उसना बाप नको होता तिला तेव्हा. आम्हालाही नको आता. नीघ, ट्रेव्हर."

ट्रेव्हर गेला. चहा अर्धा राहिला. सेल्विन बायकोकडे बघत उभा होता, लग्नाला तीसेक वर्षं झाल्यावर माणूस बायकोकडे जसा क्वचित बघतो तसा.

"बघतोस काय?" बेरिल म्हणाली. "मुठी आवळून आवळून माझे हात दुखले. मागव ती पाटी."

पाटी आली. जुन्या पद्धतीची, धातूची, उठावाच्या अक्षरांची सेल्विनने मुद्दाम मागवली. स्क्रू बेरिलने पिळले, दिवसाढवळ्या, दारापुढे. साहजिकच समोरची ईनिड हाताची घडी घालून आली. तिच्या आईची पाठ त्या जुन्या पाठींपैकीच एक होती. तिने आवाजात साखर घातली.

"बेरिल, हे क्यू म्हणजे काय गं असतं? मला बाई गाड्यांतलं काही कळत नाही."

"क्यू म्हणजे रांग," बेरिल मान वर न करता म्हणाली. "नाक खुपसणाऱ्यांची. तू शेवटी उभी राहा, नंबर आला की बोलावते."

दारादारातून हशा उठला तो थेट कोपऱ्यावरच्या पबापर्यंत गेला. ईनिडने दार लावून घेतलं. आमच्या गल्लीत भर दुपारी बंद झालेलं दार ही मोठी घटना असते.

ऑगस्टमधल्या एका स्वच्छ दुपारी सेल्विन टेकडीवर गेला. गाडी निळी केली होती. आवाज ऐकून वृद्धाश्रमातले चालते-फिरते सगळे व्हरांड्यात आले, आणि जे चालते-फिरते नव्हते त्यांनीही आपल्याला आणायला लावलं. दोन नर्स आणि बेरिल यांनी मिळून ऑलिव्हला त्या बुटक्या दारातून आत बसवलं. मांडीवर घोंगडी, पायाशी गरम पाण्याची पिशवी. डोक्याला रुमाल बांधायला एक नर्स पुढे झाली तर ऑलिव्हने तिचा हात बाजूला केला.

"केस उडतील, आजी."

"उडू देत. आहेत किती?"

निघण्याआधी ती म्हणाली, "मला नीट बघायची आहे ही." डोळ्यांनी दिसत नव्हतं; तिला म्हणायचं होतं की हात लावायचाय. बसल्या जागेवरून तिने दाराची कड चाचपली, डॅशबोर्ड चाचपला. मग म्हणाली, "आणि पाटी? एवढा खोळंबा जिच्यासाठी झाला ती?"

सेल्विन आणि बेरिलने एकमेकांकडे बघितलं. टाळता आलं असतं. आंधळ्या म्हातारीला काहीही सांगता आलं असतं. सेल्विन मागे गेला, पाटीचे स्क्रू काढले आणि पाटी आणून आईच्या मांडीवर ठेवली.

ऑलिव्हचं बोट पहिल्या अक्षरावरून फिरलं. गोल फिरलं, आणि खाली त्या छोट्या शेपटीपाशी थांबलं.

"ओ?" ती म्हणाली. "नाही. शेपूट आहे. क्यू."

"हो, क्यू."

"याचा अर्थ काय?"

"आई, याचा अर्थ..." त्याने पाटीची कड पकडली. "याचा अर्थ, कुठून आली ते ठाऊक नाही. ट्रेव्हर एक कागद देत होता. दुसऱ्या गाडीचा. आम्ही नको म्हणालो."

ऑलिव्हने ते शेपूट पुन्हा एकदा चाचपलं. आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, खोकला आला, नर्स धावली, तिने नर्सला हाकललं.

"कुणाला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "सरकारला ठाऊक नाही. गावाला ठाऊक नाही. घडवणाऱ्याला ठाऊक आहे ना?"

"आहे. तुकडा न् तुकडा."

"मग झालं." तिचे न दिसणारे डोळे बरोबर त्याच्या तोंडाकडे वळले होते. "मलाही ठाऊक आहे, सेल्विन. इतकी वर्षं तू विचारलं नाहीस. विचारायचंय?"

सेल्विन तिच्या शेजारी वाकून उभा होता. लहानपणी शाळेतून रडत आलेल्या पोराला हा प्रश्न रोज विचारायचा होता. पबातल्या तरुणाला विचारायचा होता, नवऱ्याला विचारायचा होता. आता तो प्रश्न आतमध्ये कुठेच सापडेना. त्याने आईच्या कमरेचा पट्टा ओढून घट्ट केला.

"नाही," तो म्हणाला. "घडवणारी शेजारी बसलीय. मला पुरे."

ऑलिव्हने त्याच्या हातावर एक चापट मारली, जोरात. तिला इतकंच करता आलं. मग तिने पाटी परत दिली. "लाव जाग्यावर. सरळ लाव. मागच्यांना वाचता आली पाहिजे."

गाडी टेकडी उतरली आणि हाय स्ट्रीटच्या तोंडाशी आली. शनिवारचा बाजार भरलेला. इंजिनाची गुरगुर भिंतींवर आपटू लागली तशी माणसं दुकानांतून बाहेर आली. चॅपलच्या पायरीवर काही म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. त्या बघत राहिल्या. समोर रस्ता मोकळा दिसला, आणि सेल्विनच्या पायाखाली ताकद होती; दोन हिवाळे त्याने याच क्षणासाठी ती जोडली होती. त्याने पाय दाबला. गाडीने उसळी घेतली.

ऑलिव्हचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला.

"हळू," ती त्या आवाजातून ओरडली. तिचे चार पांढरे केस वाऱ्यावर उभे राहिले होते. "बाबागाडी घेऊन या रस्त्याने मी कधी पळाले नाही. तूही पळवू नकोस."